फळ्यापाशी तीन मिनिटं

साहित्य मंडळाच्या अंकात गणित कशाला, असं काही जणांना वाटेल. तसं वाटणं साहजिक आहे. मी स्वतः बी.ए.ला मराठी आणि इंग्रजी साहित्य शिकते आणि आमच्या वर्गात गणिताचं नाव काढलं तरी अर्धी बाकं हसतात. पण गेली दोन वर्षं दर शनिवारी दुपारी इथे बेळगावात, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये, मी आणि माझ्या दोन मैत्रिणी सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. चौदा-पंधरा मुलं असतात. काही मराठी माध्यमाची, काही इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी, गल्लीत मराठी आणि कानडी, शाळेत तिसरंच काहीतरी. या वर्गात गणित शिकवण्याची एक साधी रीत आम्हाला फार उपयोगी पडली. मुलांनी स्वतः फळ्यापाशी उभं राहून एक छोटी गोष्ट तीन मिनिटांत समजावून सांगायची, एवढीच ती रीत. ती कशी चालते, का चालते आणि कुठे अडते, ते इथे लिहिते आहे. आपल्या मंडळातले बरेच जण घरी भावंडांचा, शेजारच्या मुलांचा अभ्यास घेतात, कुणी पुढे बी.एड. करणार आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा.

सहावी-सातवीचंच का, ते आधी सांगते. पाचवीपर्यंतचं गणित बहुतेक हातात धरता येतं. चिंचोके मोजा, पैसे मोजा, वाटणी करा. सहावीपासून अपूर्णांकांचे गुणाकार-भागाकार येतात, उणे संख्या येतात, ‘क्ष’ येतो. इथे ज्याची कडी सुटते, तो नियम पाठ करून वेळ मारून नेतो. सातवी संपली की हायस्कूल. आमच्या वर्गातली काही मुलं तेव्हा माध्यमही बदलतात. म्हणजे गणित आधीच धूसर, त्यात भाषा नवी. ‘मला गणित येतच नाही’ हे वाक्य बारा वर्षांचं मूल बोलतं आणि घरची माणसं त्यावर विश्वास ठेवतात. मग पुढचे बरेच रस्ते त्या एका वाक्याने बंद होतात.

रीत अशी

एका मुलाने एक प्रश्न घ्यायचा. प्रश्न लहान हवा. ‘अपूर्णांक’ हा विषय झाला, तो नको. ‘अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश का होत नाही?’ हा प्रश्न झाला, तो चालेल. आदल्या आठवड्याला प्रश्न द्यायचा. पुढच्या शनिवारी त्याने फळ्यापाशी येऊन तीन मिनिटं बोलायचं. मग समोर बसलेल्यांनी निदान दोन प्रश्न विचारायचे. सगळं मिळून सहा-सात मिनिटांत आटपतं.

यात चार्ट नको, थर्माकोल नको, रंगीत कागद नको. ते आलं की अभ्यास आई-बाबा करतात आणि मूल नुसतं तक्ता धरून उभं राहतं. खडू, फळा, हवी तर घरातली एखादी वस्तू, बस. वही बघून वाचायचं नाही. मराठी, कानडी, इंग्रजी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलायचं.

तीन मिनिटांत काय काय यायला हवं यासाठी मी हंगेरियन गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांचा आधार घेतला. त्यांचं ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे पुस्तक १९४५ साली निघालं. उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, बेत अमलात आणा आणि शेवटी मागे वळून तपासा. आम्ही मुलांसाठी त्याचे चार साधे प्रश्न केले. काय विचारलंय? मला आधी काय वाटलं? मग काय केलं? उत्तर बरोबर आहे हे कशावरून? हे चार प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असतात. अडलेलं मूल मान वळवून तिकडे बघतं आणि पुढे सरकतं.

बोललं की दिसतं

वहीतलं उत्तर बरोबर आलं म्हणजे समजलं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. ६ ÷ १/२ हे उदाहरण सातवीतलं कुठलंही मूल सोडवतं. ‘दुसऱ्याला उलटा करायचा आणि गुणायचं’, उत्तर १२. पण सहाला भागलं तर उत्तर सहापेक्षा मोठं कसं आलं, असं विचारा. बहुतेक वर्ग गप्प होतो. वहीत बरोबरची खूण आधीच पडलेली असते, त्यामुळे हे कळायला दुसरा मार्गच नसतो.

आमच्याकडे एका मुलाने हेच दुधाच्या पिशव्यांनी सांगितलं. “सहा लिटर दूध हाय. अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या. किती भरतील? बारा की.” मग पिशवी आणखी लहान केली, पाव लिटरची, तर चोवीस. पिशवी लहान होत गेली की पिशव्यांची संख्या वाढते, एवढं त्याने फळ्यावर दाखवलं. भागाकार म्हणजे ‘यात ते किती वेळा बसतं’ हा अर्थ त्या दिवशी वर्गाला पहिल्यांदा लागला. ‘उलटा करून गुणायचं’ हा नियम त्यानंतरही राहिला, पण आता त्याला कारण होतं.

चूक झाली तरी फायदाच होतो. अर्धा अधिक एक तृतीयांश याचं उत्तर एका मुलाने अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ काढलं आणि ठामपणे समजावूनही सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “दोन पंचमांश म्हंजे अर्ध्याहून कमी की. अर्धी भाकरी खाल्ली, वर अजून खाल्ली, तर कमी कशी झाली?” तो थांबला. भाकरीचं चित्र काढलं, तिचे सहा भाग केले. अर्ध्या भाकरीचे तीन भाग, एक तृतीयांशाचे दोन, मिळून पाच सहाअंश. समान छेद का करायचा, हे तिथे कुणालाच वेगळं सांगावं लागलं नाही. मी वहीत लाल रेघ मारली असती तर त्या मुलाने फक्त उत्तर खोडून नवीन लिहिलं असतं.

स्वतः समजावून सांगताना समज वाढते, हे अभ्यासातूनही दिसलं आहे. अमेरिकेत मिशलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली आठवीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. विषय शरीरातल्या रक्ताभिसरणाचा होता. मजकूर वाचताना ज्या मुलांना प्रत्येक वाक्य स्वतःला समजावून सांगायला लावलं, त्यांना तो नुसता दोनदा वाचणाऱ्या मुलांपेक्षा अधिक नीट कळला. आपणही परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीला एखादी संकल्पना समजावतो आणि बोलता बोलता आपल्यालाच ती उमगते. तसंच हे.

इथे आपला विषय येतो

हे सगळं भाषेत घडतं. म्हणून मला वाटतं, साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात काहीतरी करता येण्यासारखं आहे.

मराठीत अपूर्णांकांचे शब्द किती आहेत ते बघा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढे पाठ केले. ३/४ ÷ १/४ हे फळ्यावर लिहिलं की सातवीचा वर्ग वहीत डोकं घालतो. तेच ‘पाऊण किलोत पाव किलो किती वेळा?’ असं विचारा. रोज दुकानात जाणारं मूल वही न उघडता ‘तीन’ म्हणतं. उत्तर त्याच्याकडे होतंच, फक्त ते पुस्तकातल्या आकड्यांशी जोडलेलं नव्हतं. फळ्यापाशी बोलताना ती जोडणी होते.

कधी भाषा वाटही चुकवते. ०.४ मोठा की ०.३५? आमच्या निम्म्या वर्गाचं उत्तर होतं ०.३५, कारण पस्तीस हे चारपेक्षा मोठे. ‘शून्य पूर्णांक पस्तीस’ असं वाचलं की कानात ‘पस्तीस’ राहतं. एका मुलीने ते रुपये-पैशांत सांगितलं: ०.४ रुपये म्हणजे चाळीस पैसे, ०.३५ म्हणजे पस्तीस पैसे. आणि मग म्हणाली, “चाराच्या फुडं शून्य हाय, पण आपण लिवत नाही.” तिचं हे एक वाक्य पुस्तकातल्या व्याख्येइतकं नेमकं होतं.

संख्यांच्या नावांचंही तेच. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोन आधी. कानडीत ‘इप्पत्तैदु’, वीस आधी आणि पाच नंतर. सीमाभागातल्या मुलांच्या कानावर दोन्ही पडतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षा होत्या ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या मंगला नारळीकर. मुलांना संख्या समजायला सोप्या जाव्यात, हा त्यामागचा विचार होता. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ते प्रत्येकाने ठरवावं. पण संख्येच्या नावाचा समजेशी संबंध असतो, हा मुद्दा मला आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी दिसतो. मराठीचं एक बलस्थानही मुलांनीच शोधून काढलं. एकोणीस म्हणजे एक उणे वीस, पावणेदोन म्हणजे पाव कमी दोन. उणे संख्यांचा धडा सुरू झाला तेव्हा एक मुलगा म्हणाला, “मराठीत आधीपास्नंच वजाबाकी हाय की.”

इंग्रजी माध्यमातली मुलं ‘न्यूमरेटर’, ‘डिनॉमिनेटर’ हे शब्द सुरेख उच्चारतात. पण ‘डिनॉमिनेटर म्हणजे काय?’ विचारलं तर ‘खालचा नंबर’ असं उत्तर येतं. मराठी माध्यमातली मुलं ‘छेद’ म्हणतात, त्यांचंही उत्तर तेच. दोघांनाही एकच काम द्यायचं: तो शब्द न वापरता सांगा. मग ‘एका भाकरीचे किती सारखे तुकडे केले ते’ असं वाक्य तयार होतं. यातला ‘सारखे’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आणि तो हमखास दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला येतो. एकदा हे वाक्य आपलं झालं की आठवीत माध्यम कुठलंही असो, शब्द बदलला तरी अर्थ मुलाच्या हातात राहतो.

प्रश्न कसे निवडायचे

ज्याचं उत्तर नुसत्या आकड्यात देता येत नाही, तो प्रश्न चांगला. आमच्याकडे चाललेले काही प्रश्न देते.

चोवीस मीटर दोरीने आयत आखायचा आहे. ६ गुणिले ६ चा चौरस केला तर क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर, १० गुणिले २ केला तर २०. दोरी तेवढीच, मग जागा कमी का झाली?

दुकानदाराने ५०० रुपयांच्या शर्टाची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग त्यावर २० टक्के सूट दिली. किंमत पुन्हा ५०० का होत नाही? (६०० होतात आणि ६०० चे २० टक्के १२०, म्हणून ४८०.)

अंकांची बेरीज नऊने भागली जात असेल तर संख्याही नऊने का भागली जाते? (१० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १. एवढा धागा दिला की मुलं पुढे जातात.)

शून्याने का भागत नाहीत? (६ ला शून्याने भागायचं तर शून्याला कशाने गुणलं की ६ येतील?)

उणे गुणिले उणे अधिक का? याचं उत्तर एका मुलीने फक्त एका यादीने दिलं. ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. “दरवेळी दोनाने वाढतंय. आता एकच्या खाली गेलं की शून्य, शून्याच्या खाली गेलं की उणे एक. तर उत्तर पुन्हा दोनाने वाढणार की नाही?” म्हणजे (−१) × (−२) = २. ही काही काटेकोर सिद्धता नव्हे, पण नियम आकाशातून पडला नाही, एवढं वर्गाला पटलं.

ऐकणाऱ्यांचं काम

अर्धी मेहनत ऐकणाऱ्यांची असते. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात, म्हणून तो प्रश्न आमच्याकडे बंद आहे. ऐकणाऱ्याने ‘हे कशावरून?’, ‘आकडा बदलला तर?’ किंवा ‘हे परत एकदा चित्रात दाखव’ यांपैकी काहीतरी विचारायचं. चुकीवर हसायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगायचा आणि पाळून घ्यायचा. शिकवणाऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे. मूल अडखळतं तेव्हा जीभ शिवशिवते. मनात दहापर्यंत मोजावं. बहुतेक वेळा आठाच्या आसपास मूल स्वतःच बोलतं किंवा समोरचं कुणीतरी प्रश्न विचारतं.

लाजरी मुलं कशी बोलणार, असं मला नेहमी विचारतात. आमच्यात सातवीतली एक मुलगी आहे. रविवारी मिस्सामध्ये माइकसमोर स्वच्छ आवाजात वाचन करते, सगळं चर्च ऐकतं. गणिताला मात्र तोंड उघडायची नाही. लिहिलेलं वाचणं आणि स्वतःचं वाक्य तयार करणं, यात केवढं अंतर आहे ते मला तिच्यामुळे कळलं. हिला गणित जमत नाही, पुढे उगीच ट्यूशनला पैसे कशाला घालायचे, असं तिच्या घरी जवळपास ठरलं होतं. तिला आधी आम्ही एकाच मैत्रिणीसमोर बोलायला दिलं, बाकावर बसून, पाटीवर लिहून. मग तिघींसमोर. दीड महिन्यानंतर ती फळ्यापाशी आली. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर शेजारी शेजारी ठेवले आणि सरळ कोन झाला, हे तिने दाखवलं. दोनच मिनिटं बोलली. शेवटी एका मुलाने विचारलं, “सगळ्या त्रिकोणांचं असंच होतं कशावरून?” ती म्हणाली, “ते मला अजून येत नाही. पुढच्या शनिवारी सांगते.” गणितात अव्वल असलेल्या मुलांकडूनही इतकं सरळ उत्तर मी क्वचित ऐकलं आहे. तिच्या आईला मी हा प्रसंग सांगितला. ट्यूशनचं पुढे बघू, असं त्या म्हणाल्या. सध्या तेवढं पुरे आहे.

कुठे अडतं

मुलांनी मुलांना शिकवणं ही नवी गोष्ट नाही. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासला युरोपियन सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होते. मोठी मुलं लहानांना शिकवतात अशी व्यवस्था त्यांनी तिथे बसवली. वाळूवर अक्षरं गिरवण्याची रीत त्यांनी इथल्या गावठी शाळेत पाहिली होती. १७९७ साली त्यांनी यावर पुस्तिका काढली आणि पुढे इंग्लंडभर ‘मद्रास पद्धत’ गाजली. जोसेफ लँकेस्टर यांनीही लंडनमध्ये असाच प्रयोग केला. थोड्या पैशांत शेकडो मुलं शिकू लागली, हे खरं. पण त्यात पाठांतरच एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं, अशी टीका झाली. आपण हे लक्षात ठेवलं पाहिजे. मूल फळ्यापाशी उभं राहून गाईडमधलंच घडाघडा म्हणत असेल, तर बाईंच्या जागी मूल आलं, एवढाच फरक. ‘का’ आलं नाही तर तीन मिनिटं फुकट.

दुसरी अडचण वेळेची. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिका म्हणाल्या, “तुमच्याकडे पंधरा मुलं आहेत, माझ्याकडे पंचेचाळीस. पोर्शन कोण संपवणार?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी त्यांच्याबरोबर बसून हिशेब केला. चाळीस मिनिटांच्या तासात एकाच मुलाला संधी दिली तर सहा-सात मिनिटं जातात. आठवड्याला गणिताचे सहा तास धरले तर पंचेचाळीस मुलं साडेसात आठवड्यांत एकदा बोलून होतात. वर्षात प्रत्येकाला तीन वेळा तरी. शिवाय ती मिनिटं उजळणीचीच असतात. कालच्या धड्यातला प्रश्न आज मुलाने समजावला की बाईंना ती उजळणी वेगळी घ्यावी लागत नाही. त्या सध्या आठवड्यातून दोन दिवस करून बघत आहेत.

तिसरी अडचण हुशार मुलांची. पाळी ठरवली नाही तर तीच चार मुलं पुन्हा पुन्हा हात वर करतात. आम्ही चिठ्ठ्या टाकतो. आणि गुण देत नाही. गुण आले की मूल ‘मला आधी काय वाटलं’ हे सांगायचं टाळतं, कारण आधी जे वाटलं ते बहुधा चुकीचं असतं. आम्हाला तर तेच ऐकायचं असतं.

घरी एखादं सहावी-सातवीचं मूल असेल तर यासाठी वर्गही लागत नाही. आज जेवताना विचारून बघा, ०.४ मोठा की ०.३५. उत्तर बरोबर आलं तरी थांबू नका. ‘कशावरून?’ विचारा आणि तीन मिनिटं गप्प बसून ऐका. मंडळातल्या ज्यांना शनिवारी दुपारी वेळ असेल त्यांनी आमच्या हॉलमध्येही यावं. तीन वाजता सुरू होतं. गणित चांगलं यायला हवं अशी अट नाही. नीट ऐकता येणारी माणसं आम्हाला कमी पडत आहेत.